लुकलुकत्या दिव्याची कुळकथा

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळची गोष्ट. आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा माझा एक विद्यार्थी (इयत्ता आठवी, गणितात बरा, शुद्धलेखनात सगळा आनंद) लॅमिंग्टन रोडवरून एक निळसर पाटी घेऊन आला. पाटी म्हणायची एवढेच. आकाराने ती खेळातल्या पत्त्याहूनही लहान. तिच्यावर गोमेसारखी, दोन्ही अंगांना पाय असलेली एक काळी चिप, तांब्याच्या बारीक रेघा आणि कडेने टाचणी जाईल एवढाली भोके. थोरल्या भावाच्या संगणकाला ती वायरीने जोडून पोराने तास-दीड तास खटपट केली आणि अखेर तिला लावलेला, वाटाण्याएवढा एक तांबडा दिवा लुकलुकू लागला. एक सेकंद उजेड, एक सेकंद अंधार. पुन्हा उजेड, पुन्हा अंधार.

पोराला कोण आनंद! त्याने गॅलरीभर हाका मारून माणसे गोळा केली. चकल्या पाडायच्या सोडून बायका हात पुसत आल्या. कोणीतरी म्हणाले, "एवढंच? अरे, दीडशे रुपयांची माळ आणली असतीस तर शंभर दिवे लुकलुकले असते!" सगळे हसले. पोर हिरमुसले. तेवढ्यात आमच्या मजल्यावरचे तात्या पुढे झाले. वय अठ्ठ्याहत्तर, पाठीत थोडे वाकलेले, एका कानाने ऐकू कमी येते. गिरणीच्या मागांचा तो आहेर आहे. त्यांनी तो दिवा बराच वेळ निरखला आणि विचारले,

"हा कुणाच्या हुकमानं चालतो?"

"प्रोग्रामच्या, तात्या."

"ते समजलं रे. पण ह्याच्या खुंट्या कुठायत?"

यावर तर हास्याचा कल्लोळ उसळला. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. म्हाताऱ्या माणसाचे काहीतरी, असे वाटले. पण दुसऱ्या दिवशी फराळाचे ताट घेऊन तात्यांच्या खोलीत गेलो, तो प्रश्न पुन्हा काढला, आणि दोन तासांनी बाहेर आलो तेव्हा आपण कशाला हसलो याची मला लाज वाटत होती. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. शाळेत मुलांना इतिहास शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. तेव्हा विजेच्या शास्त्रात अधिकारवाणीने बोलण्याचा माझा हक्क नाही. परंतु तात्यांचा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि वर्षभर मिळेल ते वाचून, विचारून मी जे जमवले ते वाचकांपुढे ठेवतो.

लालबागचे आणि दिव्यांचे नाते जुने आहे. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. त्या दिव्यांना पुरवायचा वायू दगडी कोळसा भाजून तयार होई, आणि तो कारखाना आमच्या परळ-लालबागच्या बाजूला होता. गॅस कंपनी लेन हे नाव अजून त्याची आठवण ठेवून आहे. म्हणजे कोटातल्या साहेबाच्या बंगल्यापुढचा उजेड लालबागच्या भट्टीतून निघे. पुढे १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, १९०७ साली विजेची ट्राम धावली, आणि १९१५ साली खोपोलीच्या पाण्यावर निर्माण केलेली टाटांची वीज गिरण्यांत शिरली. दिवा लावणारा शिडीवाला हळूहळू रस्त्यावरून नाहीसा झाला. पण या साऱ्या इतिहासात दिवा एकतर लागे, नाहीतर विझे, आणि तो लावायला किंवा विझवायला तिथे कोणीतरी माणूस लागे. माणूस घरी झोपला असताना दिव्याने ठरल्या क्षणी लागावे, ठरल्या क्षणी विझावे, आणि तो ठराव बदलायचा झाला तर यंत्र न मोडता बदलता यावा, ही निराळीच गोष्ट आहे. तिचे मूळ दिव्यात सापडत नाही. ते कापडात सापडते.

तात्या १९६५ च्या सुमारास, अठराव्या वर्षी, रत्नागिरीकडून मुंबईत आले आणि वडिलांच्या ओळखीने परळच्या एका गिरणीत विणकामाला लागले. गिरणीतली माणसे मागाला 'साचा' म्हणत. साध्या कापडाचा माग सोपा असतो. ताण्याचे धागे दोन चौकटींत ओवलेले, एक वर जाते, दुसरी खाली येते, मधल्या फटीतून धोटा सणकन जातो, मग अदलाबदल. पण धोतराला किनार पाहिजे, लुगड्याला काठ पाहिजे, त्यात रुईफूल पाहिजे किंवा नुसती बारीक नागमोडी रेघ पाहिजे, तर दोन चौकटींनी भागत नाही. सोळा लागतात, वीसही लागतात. आणि धोट्याच्या प्रत्येक फेरीला त्यांतल्या कोणत्या उचलायच्या आणि कोणत्या नाहीत हे मागाला कोणीतरी सांगावे लागते. मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या घेणाऱ्या मागाला हे तोंडाने कोण सांगणार?

त्यासाठी मागाच्या डोक्यावर एक यंत्र बसवलेले असे. त्याचे नाव डॉबी. इंग्लंडातल्या कीथली गावी हॅटर्स्ली यांच्या कारखान्यात १८६७ साली त्याचा एक सुधारलेला नमुना निघाला आणि तिथून तो जगभरच्या गिरण्यांत पोचला. डॉबीला लाकडी पट्ट्यांची एक साखळी असते. प्रत्येक पट्टीला ओळीने भोके. ज्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली तिच्यावरची तरफ उचलली जाते, तिचा आकडा मागेपुढे सरकणाऱ्या सुरीत अडकतो आणि ती चौकट वर जाते. भोक रिकामे असेल तर चौकट जागची हलत नाही. खुंटी म्हणजे 'उचल', रिकामे भोक म्हणजे 'राहू दे'. तिसरा शब्द त्या भाषेत नाही. एका पट्टीवर दोन फेऱ्यांचे हुकूम मावतात. पट्टी सरली की पुढची पट्टी येते, आणि शेवटची संपली की साखळी फिरून पहिलीवर येते, कारण तिची दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली असतात. अशा रीतीने वीतभर नक्षीचा हुकूम लिहून ठेवला की माग तोच हुकूम शंभर वार, हजार वार पाळत राहतो.

"खुंट्या ठोकायच्या आधी चौकडीच्या कागदावर फुल्या मारलेल्या असायच्या," तात्या सांगत होते. "फुली तिथं खुंटी. मला वाचायला फारसं येत नव्हतं तेव्हा, पण तो कागद मी घडाघडा वाचायचो. एक खुंटी चुकली की किनारीत दात पडल्यासारखा दिसायचा. मग साखळी उलटी फिरवत जायचं, कुठल्या पट्टीवर चूक झाली ते हुडकायचं. जॉबर बोंबलत असायचा, पण घाई करून उपयोग नाही. एकेक पट्टी तपासावी लागते."

आजच्या संगणकाच्या दुकानातली तरुण मंडळी रात्र-रात्र जागून जे करतात, त्याचे याहून नेमके वर्णन मी कुठे वाचलेले नाही.

डॉबीच्याही आधी, १८०४ साली, फ्रान्समधल्या लियों शहरी जोसेफ मारी जॅकार्ड याने रेशमी कापडाच्या मागासाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वापरली होती. तिथे खुंटीऐवजी भोक बोलते, एवढाच फरक. या पुठ्ठ्यांनी विणलेले जॅकार्डचे एक रेशमी चित्र आहे. त्याला चोवीस हजारांच्या घरात पुठ्ठे लागले. त्याची एक प्रत लंडनच्या चार्ल्स बॅबेज नावाच्या गणित्याने मिळवली होती. आपल्या संकल्पित गणकयंत्राला हुकूम देण्यासाठी त्याने हेच पुठ्ठे योजले. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही; पण त्याच्याविषयी एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली ज्या टिपा लिहिल्या त्यांत तिलाही उपमा सुचली ती मागाचीच. संगणकाचा इतिहास सांगणारी इंग्रजी पुस्तके इथवरचा भाग हटकून सांगतात आणि मग मागाला निरोप देऊन पुढे निघतात. जणू बॅबेजने पुठ्ठे उचलले त्या दिवशी माग थांबले! ते थांबले नव्हते. आमच्या परळ-लालबागला ते त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ चालत होते, आणि त्यांच्या खुंट्या ठोकणारी माणसे आमच्या चाळीत जेवायला येत होती.

१८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आरंभी ती भायखळ्याला होती, १९२३ साली माटुंग्याला गेली. आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने चालते. तिथे अगदी सुरुवातीला जे विषय शिकवले गेले त्यांत यंत्रशास्त्राच्या जोडीला कापडनिर्मिती हा एक होता. साखळीवर खुंट्यांची मांडणी कशी करावी हे तिथला विद्यार्थी पुस्तकातून शिके, पुढे गिरणीत अधिकारी होई आणि त्याला 'साहेब' म्हणत. तीच मांडणी तात्या जॉबरच्या शिव्या खात डोळ्यांनी शिकले. सरकारी कागदावर त्यांची नोंद हातांची. डोक्याची नोंद करायला रकाना नव्हता.

आता याच काळातली याच शहरातली दुसरी एक गोष्ट पाहा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मुक्काम १९४९ पासून गेटवेजवळच्या यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत होता. तिथे डॉ. होमी भाभांच्या प्रोत्साहनाने आणि रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण मंडळी भारतातला एक पहिलाच प्रयोग करीत होती. त्यांनी आधी एक लहान नमुना-यंत्र १९५६ साली चालवून दाखवले, आणि १९६० साली पूर्ण आकाराचे यंत्र कामाला लावले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. खोलीभर पसरलेल्या त्या यंत्रात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. आपल्या जुन्या रेडिओत तांबूस पेटत तसलेच. त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्दात चाळीस जागा. तात्यांच्या भाषेत सांगायचे तर ८१,९२० भोकांची साखळी! यंत्राला द्यायचे हुकूम भोके पाडलेल्या कागदी फितीवरून जात.

लालबाग ते गेटवे हे अंतर ट्रामच्या एका फेरीचे. या टोकाला तात्यांचे वडील लाकडात खुंट्या ठोकीत होते. त्या टोकाला उच्चविद्याविभूषित मंडळी कागदाला भोके पाडीत होती. दोघांचे काम एकाच जातीचे आहे हे कळायला दोघांना एकमेकांसमोर बसवायला हवे होते. तसे कोणी बसवले नाही. यात कोणा एकाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. संस्थेतल्या मंडळींनी परदेशातून तयार यंत्र विकत आणण्याऐवजी ते हाताने घडवले, ही गोष्ट कमी मोलाची नाही. पण ट्राम दोन्हीकडून भरून जात होती, आणि एकाही फेरीत ही गाठ पडली नाही, हेही खरे.

मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. गिरण्या पुढे अठरा वर्षे चालल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. त्या संपाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. तो कधी मागे घेतल्याचे जाहीर झाले नाही आणि तात्या परत कामावर गेले नाहीत, एवढेच इथे पुरे. तेव्हा ते पस्तिशीचे होते. मी जेमतेम चालू लागलो होतो. चाळीतल्या बायकांनी खानावळी चालवल्या, कोणी मुलांना गावी धाडले, कोणी भाजीची गाडी लावली. तात्या दादरच्या एका दुकानात पंखे दुरुस्त करायला शिकले, आणि तिथून त्यांचा हात विजेला लागला.

माझी स्वतःची आठवण सुरू होते ती इथून. मी पाच-सहा वर्षांचा असेन. आमच्या गल्लीतल्या गणपतीपाठी चोवीस दिव्यांची प्रभावळ होती आणि तिच्यातला उजेड गोल गोल फिरत असे. दिवे जागच्या जागी, पण उजेड मात्र धावतो. ते पाहायला आम्ही पोरे मंडपात ठाण मांडून बसत असू. हा काय चमत्कार आहे हे पाहायला मी एकदा पडद्यामागे शिरलो. तिथे एका लहान मोटरीवर लाकडाचा एक ओंडका सावकाश फिरत होता. ओंडक्यावर पितळेच्या पट्ट्या जडवलेल्या. त्यांच्यावर तीन पितळी जिभा घासत होत्या. जीभ पट्टीवर आली की दिवे लागत, लाकडावर आली की विझत. निळ्या ठिणग्या उडत होत्या आणि एक करपट वास सुटला होता. ओंडक्याशेजारी पत्र्याच्या खुर्चीवर तात्या बसले होते. त्यांनी माझा कान धरून मला बाहेर काढले. विजेचा धक्का बसू नये म्हणून, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

तो ओंडका तात्यांनी स्वतः केला होता. चोवीस दिव्यांना चोवीस जिभा नकोत. दर तिसरा दिवा एका तारेत ओवायचा, म्हणजे तीन तारांत काम भागते आणि डोळ्याला उजेड फिरतो असेच वाटते, ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नव्हती. "त्यात काय शिकायचं? किनारीचं तेच असतं," ते म्हणाले. "चार धाग्यांची नक्षी पन्हाभर पसरायची असली तर ओवणीच तशी करायची." गिरणगावातल्या मंडपांतून असे ओंडके त्या काळी अनेकांनी केले असतील. त्यांतले किती जण आधी मागावर होते याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

घरातल्या माळांची कथा याहून साधी. विजेच्या बारीक दिव्यांच्या माळेत एक दिवा निराळा असे. त्याच्या पोटात दोन धातूंची जोडपट्टी. तापली की ती वाकून तार तुटे, निवली की पुन्हा जुळे आणि सारी माळ त्याबरोबर लुकलुके. त्या दिव्याला हुकूम देता येत नसे. तो आपल्या मर्जीने चाले. वसुबारसेला आमच्या पोराला हिणवणाऱ्याच्या ध्यानात हा फरक आला नव्हता. माळ लुकलुकते, पण तिला सांगितलेले कळत नाही.

ओंडक्याचे राज्य संपवले ते लॅमिंग्टन रोडने. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव असलेला हा रस्ता. आता तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. गिरगावच्या पाठीला लागून, ऑपेरा हाउसपासून ग्रँट रोडच्या पुढे जाणारा. एका अंगाला सिनेमागृहे, दुसऱ्या अंगाला रेडिओच्या सुट्या भागांची दुकाने. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले, रेडिओच्या भागांशेजारी टीव्हीचे भाग येऊन बसले, आणि मग आठ पायांच्या, सोळा पायांच्या चिपा पुरचुंडीतल्या लवंगांसारख्या सुट्या मिळू लागल्या. १९७२ सालीच बाजारात आलेली ५५५ नावाची एक चिप होती. तिच्या जोडीला मोजणी करणारी दुसरी एक चिप घेतली की ओंडका, मोटर, ठिणग्या, वास सगळे जाऊन ओळीने दहा दिवे धावू लागत. तात्यांनीही तसे यंत्र जोडले. पण त्यांना ते आवडले नाही. "नक्षी बदलता येईना," हे त्यांचे कारण. बदलायची तर झाळकाम उकलून तारा पुन्हा जोडायच्या. लाकडात निदान पट्टी उपटून दुसरीकडे ठोकता येत होती!

नक्षी बदलता येईल अशी चिप तोवर जगात निघालेली होती. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ हा सूक्ष्म गणक विकायला काढला. १९७४ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने गणक, स्मृती आणि बाहेरच्या वस्तूंशी बोलण्याचे पाय हे सगळे एकाच चिपेत घालून टीएमएस १००० बाजारात आणला. यालाच मायक्रोकंट्रोलर म्हणतात. धुलाईयंत्र, लिफ्ट, रिक्षाचा मीटर, कशाच्याही पोटात आज तो असतो. १९८० साली इंटेलचा ८०५१ आला आणि आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांच्या दोन पिढ्या त्याच्यावर घासून निघाल्या. पण तो शिकायला महागडी साधने लागत आणि गिरणगावातल्या पोराच्या हाती ती पडत नसत. २००५ साली इटलीतल्या इव्ह्रिया गावच्या एका संस्थेत मास्सिमो बान्झी, डेव्हिड क्वार्तिएयेस आदी शिक्षकांनी, तिथल्याच एर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याच्या कामाच्या आधारावर, मुलांना परवडेल अशी एक पाटी तयार केली. गावात आर्दुइनो नावाच्या जुन्या राजाच्या नावाचे एक मद्यगृह होते; तिथे ही मंडळी बसत, म्हणून पाटीचे नाव आर्डुइनो. (आपल्याकडे असते तर एखाद्या इराण्याचे नाव पडले असते.) तिचा नकाशा त्यांनी सर्वांना खुला ठेवला, त्यामुळे तिच्या नकला झाल्या आणि लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत ती मिळू लागली. आमच्या पोराने दिवाळीच्या ओवाळणीच्या आशेवर घेतलेली उसनवारी तिच्यासाठीच होती.

तिच्यावरचा तो तांबडा दिवाही थोडा पाहून घेऊ. त्यात तार पेटत नाही, वायू जळत नाही. विशिष्ट स्फटिकातून वीज एका दिशेने गेली की तो स्फटिकच उजळतो. १९०७ साली एच. जे. राउंड या इंग्रजाला एका खड्याला वीज लावताना पिवळट उजेड दिसला. त्याने दोन परिच्छेदांची नोंद छापली आणि विषय सोडला. रशियात ओलेग लोसेव्ह याने १९२० नंतर त्याचा कसून अभ्यास केला. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला आणि काम तिथेच राहिले. पुढे १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक याने वापरता येण्याजोगा तांबडा दिवा केला. हा होलोन्याक खाणकामगाराचा मुलगा. निळा दिवा मिळायला त्यापुढे तीस वर्षे लागली, आणि तो करणाऱ्या तीन जपानी शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले.

आता तात्यांचा प्रश्न. खुंट्या कुठे आहेत?

पोराने संगणकावर लिहिलेला हुकूम मराठीत मांडला तर असा होईल: तेराव्या पायात वीज सोड, एक हजार मिलिसेकंद थांब, वीज बंद कर, एक हजार मिलिसेकंद थांब, आणि शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून. डॉबीच्या साखळीची दोन टोके जोडलेली असतात, ती ही. संगणक हे शब्द चिपेला समजणाऱ्या आकड्यांत उतरवतो आणि वायरीतून चिपेत भरतो. आकडे तरी कसले? एक आणि शून्य. खुंटी आणि रिकामे भोक.

चिपेच्या आत त्यांच्यासाठी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात चहूबाजूंनी काचेसारख्या निरोधकाने वेढलेला एक कण. त्याच्यावर विजेचा भार कोंडून ठेवला की एक अर्थ, नसला की दुसरा. ही कल्पना १९६७ साली बेल प्रयोगशाळेत निघाली. १९७१ साली इंटेलमधल्या डोव्ह फ्रोमान याने तिच्यापासून पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप केली. तिच्या डोक्यावर स्फटिकाची एक खिडकी असे. आतला हुकूम पुसायचा तर त्या खिडकीतून वीसेक मिनिटे अतिनील किरण पाडायचे. नुसत्या उन्हात ठेवली तरी आठवड्याभरात कोंडलेला भार निसटून जाई. म्हणून हुकूम भरला की खिडकीवर कागदाची चिकटपट्टी लावीत. पोराच्या चिपेला खिडकी नाही. तिच्यातला हुकूम विजेनेच पुसतात, दहा हजार वेळा तरी. तिच्यात बत्तीस किलोबाइट जागा आहे. म्हणजे २,६२,१४४ भोके. टिफ्रॅकच्या तिपटीहून जास्त. दिवा लुकलुकवायला त्यांतली सात हजारांच्या आसपास पुरतात. आणि 'एक सेकंद थांब' म्हटले की ती चिप झोपत नाही. तिच्याजवळच्या स्फटिकाचे सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके पडतात, ते मोजत ती बसलेली असते.

हे सारे मी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तात्यांना, जेवढे तेव्हा मला आणि पोराला मिळून समजले होते तेवढे, सांगितले. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आहेत. दिसत नाहीत एवढंच." आणि पोराकडे वळून, "तुझ्याकडे चौकडीची वही आहे का?"

गणिताची वही आली. तात्यांनी चष्मा पुसला, तीन उभे रकाने आखले, आठ आडव्या ओळी घेतल्या आणि जाड पेन्सिलीने फुल्या मारू लागले. मधे एकदा थांबून त्यांनी एक फुली खोडली आणि शेजारी मारली. पोराने विचारले, "तात्या-आजोबा, हे काय?" "तांबडा, हिरवा, पिवळा," तात्या रकान्यांवर बोट ठेवीत म्हणाले. "ह्या आठ पट्ट्या. लुगड्याच्या काठाला लावायचो आम्ही. बघ चालतंय का."

पोराने फुलीला एक आणि रिकाम्या घराला शून्य लिहून आठ ओळी संगणकात भरल्या. तीन रंगांचे दिवे आमच्या गॅलरीतल्या कंदिलात, बांबूच्या काड्यांना दोऱ्याने बांधून, बसवले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कंदील लागला आणि त्यातला उजेड तांबड्यावरून हिरव्यावर, हिरव्यावरून पिवळ्यावर आणि मग काहीतरी अवघड वळण घेऊन परत असा वाहू लागला. माणसे पुन्हा जमली. या वेळी माळेचा विषय कोणी काढला नाही.

तात्या समोरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर त्यांनी तिथूनच हाक मारली,

"पाचव्या पट्टीला खुंटी चुकली रे, बाळा!"

पोर आत पळाले. वही आणि पडदा शेजारी शेजारी धरून पाहिले. पाचव्या ओळीत, हिरव्याच्या रकान्यात, एकाच्या जागी शून्य पडले होते.